दिवस सरतो, काम उरते: सिस्टीम अ‍ॅडमिनच्या वेळेतील बिघाडाची क्रमवार तपासणी

शंभर ते तीनशे संगणक, दहा-बारा सर्व्हर आणि ते सांभाळायला एक किंवा फार तर दोन माणसे, अशा ठिकाणी वेळ न पुरण्याचा हा बिघाड हमखास आढळतो. भोसरी-चाकण पट्ट्यातले कारखाने, पतसंस्था, महाविद्यालये अशा निरनिराळ्या ठिकाणी मी तो दुरुस्त करत आलो आहे, आणि बहुतेक वेळा मी पोहोचण्यापूर्वीच कोणीतरी नवे अ‍ॅप, नवी डायरी किंवा रोज तासभर लवकर येण्याचा निश्चय असे उपाय करून पाहिलेले असतात. त्यांनी फरक पडत नाही, कारण "वेळ पुरत नाही" हे लक्षण आहे, कारण नव्हे. सर्व्हर हळू चालतो अशी तक्रार आली की आपण लगेच नवा सर्व्हर मागवत नाही; प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांपैकी ताण कशावर आहे ते आधी पाहतो. स्वतःच्या वेळेच्या बाबतीत मात्र ही शिस्त आपण सहसा पाळत नाही.

खालील तपासण्या फुकट आणि सोप्या गोष्टींपासून खर्चिक आणि अवघड गोष्टींकडे जातात. क्रम मोडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण पहिल्या तपासणीत हाती येणारी माहिती पुढच्या प्रत्येक तपासणीला लागते.

लक्षणे

- सकाळी ठरवलेले मोठे काम, उदाहरणार्थ जुना फाइल सर्व्हर बदलणे किंवा बॅकअप रिस्टोअर करून (त्यातून डेटा परत आणून) पाहणे, संध्याकाळी जसेच्या तसे उरते आणि असे आठवड्यामागून आठवडे चालते.
- तोच लेबल प्रिंटर, तेच लॉक झालेले खाते आणि तीच भरलेली डिस्क पुन्हा पुन्हा समोर येते.
- विनंती फोनवर आली होती, व्हॉट्सअ‍ॅपवर की जिन्यात भेटल्यावर, हे आठवत नाही आणि त्यामुळे काही विनंत्या विसरल्या जातात.
- मॉनिटरिंगचे, म्हणजे सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे मेल न उघडताच वेगळ्या फोल्डरमध्ये जातात.
- वेबसाइटच्या सर्टिफिकेटची (ती खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याची) मुदत संपल्याचे आपल्याला वापरकर्त्यांकडून कळते.
- घरच्या लग्नातही फोन बंद ठेवता येत नाही.
- "या महिन्यात आयटीने काय केले?" असे वरिष्ठांनी विचारले, तर दमणूक सांगता येते, काम सांगता येत नाही.

यांपैकी तीन-चार लक्षणे एकत्र आणि सतत दिसत असतील तरच हा बिघाड समजावा. केवळ महिन्याच्या ठरावीक दिवसांत ती दिसत असतील, तर तो हंगामी ताण आहे. टीडीएस भरण्याची ७ तारीख, मासिक जीएसटी विवरणपत्रांच्या ११ आणि २० या तारखा, पगाराचा दिवस आणि मार्चअखेर या काळात लेखा विभागाकडून येणारे फोन वाढतातच. त्याचा उपाय सहाव्या तपासणीत आहे. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर जाण्याचे एखादे मोठे काम चालू असताना महिनाभर ओढाताण होणे हाही बिघाड नव्हे.

पहिली तपासणी: पाच दिवसांची वही

खर्च काही नाही. एक साधी वही टेबलावर उघडी ठेवावी आणि कामाचे पाच दिवस प्रत्येक व्यत्यय त्याच क्षणी लिहावा. वेळ, विभाग, काय झाले, विनंती कोणत्या मार्गाने आली आणि किती मिनिटे गेली, एवढे पाच रकाने पुरतात. एका पानाचा नमुना असा दिसतो:

९:४० – स्टोअर – लेबल प्रिंटर ऑफलाइन – फोन – १० मिनिटे
९:५५ – लेखा – टॅली उघडत नाही – समोर येऊन – १५ मिनिटे
१०:२० – खरेदी – खाते लॉक – व्हॉट्सअ‍ॅप – ५ मिनिटे
१०:३० – स्टोअर – लेबल प्रिंटर पुन्हा – फोन – १० मिनिटे
१०:५० – एचआर – नव्या माणसाचे खाते – तोंडी – २५ मिनिटे

संगणकावर तक्ता करण्याचा मोह टाळावा, कारण तक्ता उघडेपर्यंत पुढचा फोन येतो आणि नोंद राहून जाते. संध्याकाळी आठवून लिहू नये. स्मरणशक्ती मोठे बिघाड लक्षात ठेवते आणि पाच-दहा मिनिटांची कामे विसरते, आणि आपला वेळ तर नेमका या छोट्या कामांतूनच गळत असतो. वर्षातून दोनदा बंद पडणाऱ्या सर्व्हरची आठवण सगळ्यांना असते, पण रोज दोनदा ऑफलाइन जाणाऱ्या लेबल प्रिंटरने त्याहून कितीतरी अधिक तास खाल्लेले असतात.

पाचव्या दिवशी नोंदींवर तीन खुणा कराव्यात: पूर्वीही आलेली तीच अडचण, आधीच माहीत असू शकले असते असे काम, आणि खरोखर अचानक उद्भवलेला प्रसंग. तिसऱ्या खुणेच्या नोंदी अपेक्षेपेक्षा फार कमी निघतात, हे बहुतेकांना या टप्प्यावर प्रथमच कळते. हे एकदा कागदावर दिसले की पुढे कोणती तपासणी रेंगाळून करायची आणि कोणती ओलांडायची, ते आपोआप ठरते.

दुसरी तपासणी: विनंत्या किती दारांनी येतात?

वहीच्या चौथ्या रकान्यात फोन, व्हॉट्सअ‍ॅप, मेल, तोंडी असे चार-पाच मार्ग दिसत असतील, तर पुढचे काम ते एकावर आणण्याचे आहे. त्यासाठी सुरुवातीला काहीही विकत घेऊ नये. सपोर्टसाठी एक सामायिक मेलपेटी उघडली तरी पहिला महिना भागतो. नंतर जीएलपीआय किंवा ओएसटिकिट यांसारखी, प्रत्येक विनंतीची नोंद (तिकीट) ठेवणारी मुक्त स्रोत प्रणाली जुन्या मशीनवर बसवता येते आणि तिला परवाना शुल्क लागत नाही.

हे दार महत्त्वाचे आहे ते केवळ शिस्तीसाठी नव्हे. नोंद नसेल तर प्राधान्यक्रम लावता येत नाही, कारण समोर उभा असलेला माणूस नेहमीच सर्वांत निकडीचा वाटतो. नोंद नसेल तर तोच बिघाड कितव्यांदा आला हेही कळत नाही आणि मनुष्यबळ मागताना पुरावाही राहत नाही.

येथे बहुतेक ठिकाणी एकच चूक होते: प्रणाली बसवली जाते, पण अ‍ॅडमिन स्वतःच तोंडी आलेली कामे करत राहतो, मग लोकही प्रणाली वापरत नाहीत. त्यामुळे सवय आपल्यापासून लागली पाहिजे. "मॅडम, सपोर्टच्या मेलवर दोन ओळी टाका, म्हणजे माझ्याकडून विसरले जाणार नाही" हे वाक्य आदराने आणि दर वेळी म्हणावे. यात नकार नाही, उलट आश्वासन आहे, आणि बहुतेक जण ते तसेच घेतात. शॉप फ्लोअरवरच्या ज्या कामगारांकडे कंपनीचा मेल नसतो, त्यांचा फोन अवश्य घ्यावा, मात्र नोंद आपण स्वतः करावी. लाइन थांबलेली असताना ऑपरेटरला तिकीट टाकायला सांगणे हे कोणत्याही नियमात बसत नाही आणि बसूही नये.

प्राधान्याचा नियम दोन प्रश्नांवर बेतावा: किती जणांचे काम थांबले आहे, आणि किती वेळात न सुटल्यास नुकसान होईल? नियम एका पानावर लिहून वरिष्ठांची सही घ्यावी. संचालकांचा लॅपटॉप आणि डिस्पॅचचा बारकोड स्कॅनर एकाच वेळी बंद पडले, तर आधी काय घ्यायचे हे त्या क्षणी ठरवण्याची वेळ अ‍ॅडमिनवर येऊ नये. ते आधीच आणि त्याच्यापेक्षा वरच्या माणसाने ठरवलेले असावे.

तिसरी तपासणी: दिवसात अखंड असे दोन तास आहेत का?

वही पाहून सर्वांत शांत दोन तास शोधावेत. पाळी बदलण्याच्या वेळा आणि सकाळी लॉगिनची गर्दी सोडून बहुधा दुपारी तसा पट्टा मिळतो. दोघे अ‍ॅडमिन असतील तर काम सोपे आहे: दुपारच्या जेवणापर्यंत एकाने सर्व विनंत्या अंगावर घ्याव्यात, दुसऱ्याने मोठे काम करावे आणि नंतर अदलाबदल करावी. एकट्यानेच सांभाळायचे असेल, तर त्या दोन तासांत फक्त अनेकांचे काम थांबवणारा बिघाड घ्यायचा आणि बाकी सर्व मेलवर येऊ द्यायचे, असे वरिष्ठांच्या संमतीने जाहीर करावे.

व्यत्ययाचा परिणाम केवळ गेलेल्या मिनिटांपुरता नसतो. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की व्यत्यय आलेल्या व्यक्तींनी काम उलट अधिक वेगाने संपवले, पण त्यासाठी त्यांना अधिक ताण, अधिक वैताग आणि अधिक घाई सोसावी लागली. आपल्या कामात ही घाई घातक ठरते. फायरवॉलचे (नेटवर्कमधील ये-जा नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेचे) दहा नियम बदलायचे असताना सहाव्या नियमानंतर फोन आला आणि परतल्यावर सातवा झाला असे समजून आठवा लिहिला, तर बिघाड त्या दिवशी दिसत नाही. तो शनिवारी रात्री दिसतो. म्हणून प्रत्यक्ष वापरात असलेल्या सर्व्हरवरील प्रत्येक बदलाच्या पायऱ्या आधी कागदावर लिहाव्यात आणि झालेल्या पायरीसमोर खूण करत जावे. हे दोन तास मिळाले नाहीत, तरी निदान अशा बदलांच्या वेळी फोन दुसऱ्याच्या हाती द्यावा.

चौथी तपासणी: मॉनिटरिंग खरोखर काही सांगते का?

या तपासणीला अर्धा दिवस लागतो आणि तिचा परतावा मोठा असतो. गेल्या आठवड्यातले सूचनेचे सर्व मेल समोर घ्यावेत आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: हा मेल वाचून मी काय केले? उत्तर "काही नाही" असे असेल, तर ती सूचना एक तर काढून टाकावी किंवा बदलावी. "माहिती म्हणून असू दे" हे उत्तर स्वीकारू नये, कारण कृती नसलेली प्रत्येक सूचना पुढच्या सूचनेकडे दुर्लक्ष करण्याची सवय लावते.

सर्वसाधारणपणे तीन प्रकारचा गोंगाट सापडतो. पहिला प्रकार क्षणिक चढउतारांचा. नेटवर्कची लिंक दहा सेकंद हलली आणि लगेच सावरली, तरी मेल येतो. नागिओस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये "मॅक्स चेक अटेम्प्ट्स" ही संख्या वाढवली की सलग तितक्या वेळा अपयश आल्यावरच सूचना जाते. प्रोमिथियस या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नियमाला किमान कालावधीची अट घालता येते.

दुसरा प्रकार ठरावीक टक्केवारीच्या मर्यादांचा. ८० टक्के भरलेली चार टेराबाइटची डिस्क वर्षभर तशीच राहू शकते, तर ६० टक्के भरलेली छोटी डिस्क एखाद्या बिघडलेल्या लॉगमुळे (नोंदींच्या फाइलमुळे) रात्रीत संपू शकते. भरण्याचा वेग पाहून अंदाज बांधणारी सूचना अधिक उपयोगी असते. प्रोमिथियसमधील "प्रेडिक्ट लिनिअर" हे फंक्शन नेमके हेच करते आणि "याच वेगाने चार दिवसांत डिस्क भरेल" हे आधी सांगते. चार दिवस हाताशी असले की ते काम ठरवून करता येते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा, तो म्हणजे यशाचा मेल. बॅकअप पूर्ण झाला, असा मेल रोज पहाटे येतो, डोळ्यांना त्याची सवय होते आणि ज्या दिवशी तो येत नाही त्या दिवशी कोणाच्याही लक्षात येत नाही. ही रचना उलटी करावी: शेवटचा यशस्वी बॅकअप छत्तीस तासांपेक्षा जुना झाला तरच सूचना यावी. बॅकअप सॉफ्टवेअर मुळात चालूच झाले नाही, तर ते अपयशाचा मेलही पाठवत नसते, हे येथे लक्षात ठेवावे.

पाचवी तपासणी: तिसऱ्यांदा आलेला बिघाड

वहीत किंवा तिकिटांत तीच अडचण तिसऱ्यांदा दिसली की ती केवळ मिटवून पुढे जायचे नाही. मूळ कारण शोधण्यासाठी तिसऱ्या तपासणीतल्या दोन तासांतला वेळ तिला द्यायचा. नेहमी भेटणारे तीन बिघाड येथे जरा विस्ताराने सांगतो.

लॉक होणारे खाते. वापरकर्त्याने पासवर्ड बदलला आणि त्यानंतर खाते वरचेवर लॉक होऊ लागले, तर दर वेळी अनलॉक करणे हा उपाय नाही. डोमेन कंट्रोलरच्या (सर्वांची खाती व पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरच्या) सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० क्रमांकाची नोंद शोधावी; चुकीचा पासवर्ड कोणत्या संगणकावरून आला त्याचे नाव तीत असते. बहुधा जुना पासवर्ड साठवलेला मोबाइलवरचा मेल, जोडून ठेवलेला नेटवर्क ड्राइव्ह, त्या खात्याने चालणारे शेड्यूल्ड टास्क किंवा दुसऱ्या मशीनवर उघडे राहिलेले सत्र सापडते. पासवर्ड सर्वांनी दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलावा, असा नियम असेल तर त्याचाही पुनर्विचार व्हावा. अमेरिकेच्या नीस्ट या मानक संस्थेने २०१७ पासूनच सक्तीच्या ठरावीक मुदतीच्या बदलाऐवजी, पासवर्ड उघड झाल्याचा पुरावा असेल तेव्हा तो बदलावा, अशी भूमिका घेतली आहे. मात्र ग्राहक कंपनीचे ऑडिट किंवा नियामकाची अट वेगळी असू शकते, म्हणून आधी ती वाचावी आणि मगच धोरण बदलावे.

ऑफलाइन जाणारा प्रिंटर. स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) पुन्हा सुरू केल्यावर तो चालतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडतो, तेव्हा प्रथम त्याचा आयपी पत्ता पाहावा. डीएचसीपीने (नेटवर्कवरील उपकरणांना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेने) वीज गेल्यानंतर त्याला नवा पत्ता दिला आणि संगणक जुन्याच पत्त्यावर छपाई पाठवत राहिले, हे कारण फार वेळा निघते. डीएचसीपी सर्व्हरवर त्या प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

भरणारी डिस्क. लिनक्सवर डीएफ ही आज्ञा डिस्क भरलेली दाखवते आणि फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूची बेरीज मात्र कितीतरी कमी येते, तेव्हा पुसलेली पण एखाद्या प्रोसेसने अजून उघडी धरलेली फाइल हे कारण असण्याची शक्यता मोठी असते. उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलसॉफ या आज्ञेने ती प्रोसेस शोधून, योग्य वेळी ती सेवा पुन्हा सुरू केली की जागा मोकळी होते. कायमचा इलाज मात्र जुने लॉग बाजूला काढून नवे सुरू करणाऱ्या लॉगरोटेटच्या मांडणीत असतो: लॉग फिरवल्यानंतर सेवेला नवी फाइल उघडण्याचा संकेत मिळतो की नाही, ते तेथे तपासावे.

अशा कामांत एका बिघाडामागे दोन-तीन तास जातात आणि ते करताना रांगेतली तिकिटे वाढतात, त्यामुळे मन कचरते. तरीही ते करावे. याच तपासणीत वेळ खऱ्या अर्थाने परत मिळतो, असे माझे ठाम मत आहे.

सहावी तपासणी: आधीच माहीत असलेली कामे दिनदर्शिकेत आहेत का?

अचानक वाटणारी पुष्कळ कामे मुळीच अचानक नसतात. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अपडेट काढते. ती आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेदहा किंवा साडेअकराला पोहोचतात, म्हणजे हाती येतात बुधवारी सकाळी. भोसरी-चाकण भागातल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. बुधवारी चार-पाच चाचणी मशीनवर अपडेट घालावेत, लगेचच्या गुरुवारी निवडक संगणकांवर आणि पुढच्या गुरुवारी सर्व्हरवर, असा क्रम तेथे चांगला बसतो. एखाद्या त्रुटीचा गैरवापर सुरू झाल्याचे जाहीर झाले असेल तर मात्र आठवडा थांबू नये. महावितरणही देखभालीसाठी या भागात बहुधा गुरुवारीच वीज बंद ठेवते, म्हणून सर्व्हर रीस्टार्ट करण्यापूर्वी त्या दिवसाची सूचना पाहून घ्यावी.

सर्टिफिकेटांचा विषय यापुढे अधिक कठीण होणार आहे. सार्वजनिक टीएलएस सर्टिफिकेटची (वेबसाइटशी सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या वरील दाखल्याची) कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवसांची होती. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंचाने २०२५ मध्ये संमत केलेल्या वेळापत्रकानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस होते. वर्षातून एकदा हाताने करायचे काम याचा अर्थ सात-आठ वेळा करावे लागेल आणि ते दहा सर्व्हरवर असेल, तर हाताने करणे शक्यच राहणार नाही. आज सर्व सर्टिफिकेटांची यादी करून मुदतीच्या तारखा दिनदर्शिकेत टाकाव्यात; नूतनीकरण स्वयंचलित करण्याचे काम पुढच्या तपासणीत येते.

लेखा विभागाच्या तारखाही याच दिनदर्शिकेत लिहाव्यात. १० आणि ११, १९ आणि २० या दिवशी टॅलीच्या सर्व्हरला कोणताही बदल करू नये आणि स्वतःचे मोठे कामही त्या दिवशी ठेवू नये.

सातवी तपासणी: हाताने होणारी कामे यंत्राकडे देता येतील का?

बहुतेकांना सुरुवात येथूनच करावीशी वाटते. मी ही तपासणी मुद्दाम इतकी मागे ठेवली आहे, कारण गोंधळाची पद्धत स्वयंचलित केली तर गोंधळ वेगाने होतो आणि स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) लिहिणे, तपासणे व सांभाळणे हेही वेळ घेणारे काम आहे. आधी पायऱ्या शब्दांत लिहाव्यात, दोन-तीन वेळा त्या कागदाबरहुकूम काम करावे आणि मगच स्क्रिप्ट लिहावी.

पहिली निवड म्हणून नव्या कर्मचाऱ्याचे खाते हे काम उत्तम. एचआरकडून ठरावीक नमुन्यात नाव, विभाग आणि रुजू होण्याची तारीख आदल्या आठवड्यात यावी, विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञाभाषेने खाते, गट आणि मेलपेटी तयार करावी, ग्रुप पॉलिसीने (सर्व संगणकांना एकाच ठिकाणाहून मांडणी देणाऱ्या सोयीने) विभागाचे प्रिंटर आणि ड्राइव्ह आपोआप जोडावेत. वहीतली पंचवीस मिनिटे दोन-तीनवर येतात. नोकरी सोडणाऱ्याचे खाते बंद करण्याची स्क्रिप्टही त्याच दिवशी लिहावी, कारण सुरक्षेच्या दृष्टीने तिची गरज अधिक आहे. त्यानंतर सर्टिफिकेट: लेट्स एन्क्रिप्ट या विनामूल्य सेवेची सर्टिफिकेटे सर्टबॉट या साधनाने आपोआप नवी होतात, मात्र नवी झाल्यावर वेब सर्व्हर ती पुन्हा वाचतो की नाही, हे तपासावे. लिनक्स सर्व्हर पाच-सहापेक्षा अधिक असतील तर अनेक सर्व्हरवर एकसारखे काम करणारे अन्सिबल शिकण्यास घेतलेला वेळ वाया जात नाही. नीट लिहिलेले प्लेबुक (त्यातली कामांची यादी) पुन्हा चालवले तरी सर्व्हरची स्थिती तीच राहते, त्यामुळे अर्ध्यावर तुटलेले काम निर्धास्तपणे पुन्हा सुरू करता येते.

किती वेळ हातकामाला जाणे ठीक, असा प्रश्न पडल्यास एक मोजमाप सांगता येते. गूगलने आपल्या साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग (सेवा सुरळीत चालू ठेवणाऱ्या) गटांसाठी अशा कामावर वेळेच्या ५० टक्क्यांची मर्यादा ठेवली आहे. आपल्याकडच्या दोन माणसांच्या विभागाला ती लगेच गाठता येणार नाही, पण वहीतली आजची टक्केवारी आणि तीन महिन्यांनंतरची टक्केवारी यांत फरक पडला पाहिजे.

आठवी तपासणी: माणसे पुरेशी आहेत का?

येथपर्यंतचे सर्व करूनही तीच लक्षणे दिसत असतील, तर दोष पद्धतीत उरलेला नाही, काम माणसांपेक्षा जास्त आहे. ही तपासणी सर्वांत अवघड आहे, कारण तिचा निर्णय आपल्या हातात नसतो. वरिष्ठांकडे जाताना "फार काम आहे" असे सांगू नये. पाच दिवसांची वही पुन्हा एकदा भरावी, तिकिटांची मासिक बेरीज काढावी आणि थांबलेल्या कामांची यादी त्यांच्या धोक्यासह मांडावी: रिस्टोअरची चाचणी झालेली नाही, अमुक सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमला आता अपडेट मिळत नाहीत, प्रशासक पासवर्ड फक्त एका माणसाला माहीत आहेत. मग विचारावे, "साहेब, नवे काम आजपासून घेतो; यांपैकी कोणते पुढे ढकलू, ते आपण सांगावे." निर्णय त्यांच्याकडून आणि लेखी यावा.

बाहेरच्या संस्थेला वार्षिक कंत्राट देण्याचा पर्याय निघाल्यास डेस्कटॉप, प्रिंटर आणि केबलिंग ही कामे अवश्य द्यावीत. बॅकअप, फायरवॉल आणि डोमेनचे प्रशासक अधिकार मात्र स्वतःकडे ठेवावेत, आणि किती तासांत माणूस प्रत्यक्ष येईल, हे कंत्राटात आकड्यांत लिहून घ्यावे.

कधी थांबावे आणि कोणाला बोलवावे

रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर. फाइलींची नावे बदललेली दिसली किंवा खंडणीची चिठ्ठी आढळली, तर त्या मशीनची नेटवर्क केबल काढावी, वाय-फाय बंद करावे, शक्यतो मशीन बंद करू नये आणि काहीही पुन्हा इन्स्टॉल करू नये, कारण पुरावा नष्ट होतो. वरिष्ठांना कळवून सायबर घटना हाताळणाऱ्या तज्ज्ञांना बोलवावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात.

रेड अ‍ॅरे. रेड ५ (एका डिस्कचे अपयश सोसणारी अनेक डिस्कची जोडणी) मधील दोन डिस्क गेल्या असतील, तर डिस्क जबरदस्तीने ऑनलाइन आणण्याचा किंवा रीबिल्ड करण्याचा प्रयत्न करू नये. सर्व्हर बंद करावा, डिस्कवर त्यांच्या जागेचे क्रमांक लिहावेत आणि तपासलेला बॅकअप नसेल तर डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञांकडे जावे. रात्री दोन वाजता थकलेल्या अवस्थेत घेतलेला निर्णय येथे उरलासुरला डेटाही घालवतो.

वीज. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या असतील, रॅकला हात लावल्यावर झटका बसत असेल किंवा अर्थिंगची शंका असेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन येईपर्यंत त्याला हात लावू नये. वेळ वाचवण्यासाठी हे काम स्वतः करणारे अ‍ॅडमिन मी पाहिले आहेत, आणि त्यांना मी दर वेळी थांबवले आहे.

स्वतःची प्रकृती. आठवड्यांमागून आठवडे झोप नीट लागत नसेल, फोन वाजला की छातीत धडधडत असेल, सुट्टीच्या दिवशीही मन कामातून सुटत नसेल, तर वरील एकही तपासणी हा त्याचा उपाय नाही. डॉक्टरांना भेटावे. भारत सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. त्याच वेळी रात्रीचे फोन काही आठवड्यांसाठी दुसऱ्या माणसाकडे किंवा बाहेरच्या संस्थेकडे द्यावेत, अशी लेखी मागणी कार्यालयाकडे करावी. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर ती सोबत जोडावी.